पांढरं धुराडं

"रविवारी डांबर?" आईनं पळी भांड्यात आपटली. "चर्चमधून येऊन अजून पायातले बूट काढले नाहीत, आणि माझ्या घराला काळं फासायच्या गोष्टी! बुशरॉड, जनाची नाही तर मनाची तरी ठेव."

बुशरॉडमामांच्या तोंडात हॅमचा एवढा मोठा तुकडा होता की उत्तराला वेळ लागला. तेवढ्यात त्यांनी काटा हवेत फिरवून ‘मी नाही, हा’ असं सुचवलं. हा म्हणजे प्रेस्ली. प्रेस्ली ताटात बघत बसला होता. अंगावर दक्षिणेच्या फौजेचा नवाकोरा करडा कोट, बाह्या बोटांवर आलेल्या, आणि कान लालबुंद.

"कप्तानांचा हुकूम आहे, आई. आजच्या आज."

"रिचमंडहून उपटलेला तुझा तो कप्तान माझ्या छपराचा कोण लागतो?"

"छपराचं सोड, ताई," मामांनी एकदाचा घास गिळला. "उत्तरेकडच्या यांकींच्या गनबोटी खालच्या आखातात येऊन बसल्यात. आज ना उद्या वर येणार. आणि त्यांना वाट कोण दाखवणार? आपलं धुराडं! म्हणजे चोरानं आत यावं म्हणून आपणच दारात दिवा धरून उभे."

लेटिसनं मक्याच्या भाकरीचा तुकडा ताकात बुडवला होता, तो तसाच राहिला. तिच्या सतरा वर्षांच्या आयुष्यात या टेबलाशी भांडणं काय कमी झाली होती? डुकरांवरून झाली, बांधावरून झाली, मामांच्या दुसऱ्या बायकोच्या टोपीवरून तर ख्रिसमसच्या दिवशी झालं. पण धुराड्यावरून कुणी भांडल्याचं तिला आठवत नव्हतं. नदी कुठल्या बाजूला वाहते यावरून कुणी भांडतं का?

कारण डॅमरनांचं धुराडं हे नुसतं धुराडं नव्हतंच. नदीवरून घर दिसायचं नाही. झाडीच्या वर दिसायचं ते फक्त धुराडं, दर वसंतात चुना लावून पांढरंशुभ्र केलेलं. कड्याच्या टोकावरचा वठलेला देवदार आणि हे धुराडं एका रेषेत आलं की बोटीचं नाक तिथं धरायचं, म्हणजे खाली खोल पाणी. रेष सुटली की डुकरीण. डुकरीण हा पाण्याखालचा वाळूचा दांडा. ओहोटीला तिची पाठ उघडी पडायची आणि पाणी तिच्यावरून घोरल्यासारखा आवाज करत जायचं. एकदा तिनं बोट पोटाशी धरली की पुढच्या भरतीपर्यंत सोडायची नाही. आणि डॅमरन पुरुष पिढ्यान्‌पिढ्या वाटाडे. दुसऱ्यांच्या बोटी समुद्रावरून आत आणून द्यायच्या, हाच धंदा. खालच्या वळणावर आला की प्रत्येक डॅमरन बोटीचा भोंगा वाजवायचा, दोन लांब आणि एक आखूड. म्हणजे, ‘मी आलो, घरी कोण कोण आहे?’ मग ओसरीवरच्या घंटेनं उत्तर द्यायचं. घरात जितके डॅमरन तितके टोले.

वॉर्नर गेल्यापासून घंटेच्या दोरीला कुणी हात लावला नव्हता.

वॉर्नर म्हणजे थोरला. वसंतात व्हर्जिनियानं संघराज्याशी काडीमोड घेतला, तेव्हा तो संघराज्याच्या सरकारी आगबोटीवर वाटाड्या होता, आणि तो बोटीवरच राहिला. घरी परत आलाच नाही. त्या दिवसापासून बुशरॉडमामा त्याचं नाव घेत नसत, प्रेस्ली घेताना अडखळे, आणि आई रोज रात्री त्याच्या रिकाम्या खुर्चीवर स्वतःची शाल टाकून ठेवी. जणू ती शाल ठेवायचीच जागा.

"भावोजी, तुम्ही काहीतरी बोला," मामा म्हणाले.

टेबलाच्या टोकाशी बाबा बसले होते. हायरम डॅमरन, चाळीस वर्षं या नदीचा वाटाड्या. आता दोन्ही डोळ्यांत दूध उतरलं होतं. समोरचा माणूस त्यांना आवाजावरून कळे आणि भरती वासावरून.

"अठराशे चौदात इंग्रज आले," बाबा सावकाश म्हणाले, "तेव्हाही शेजारच्यांनी माझ्या आजोबांना सांगितलं होतं, काळं कर. आजोबा म्हणाले, खूण कुणाच्या बापाची नसते. पाण्यावर जो आहे त्याची असते. वादळात चुना धुऊन गेला तर माझी आजी वर चढून चादर बांधायची, पण धुराडं एक दिवस काळं राहिलं नाही."

"आणि इंग्रज वर आले आणि तुमच्या आजोबांची सगळी डुकरं घेऊन गेले," मामा म्हणाले.

"घेऊन गेले," बाबांनी मान्य केलं. "पण बुडाले नाहीत."

लेटिसला फिसकन हसू आलं. प्रेस्लीलाही आलं, पण त्यानं ते करड्या बाहीत लपवलं.

"नुसतं काळं करून भागणार नाही," मामा पुढं सरसावले. "हॅमला धुरी देतो त्या खोपीवर पांढऱ्या फळ्या उभ्या करायच्या. फळ्या मी दिल्यात, चुना काल लावून झालाय. त्यांचा वाटाड्या त्या फळ्या देवदाराच्या रेषेत धरेल, की बसलीच बोट डुकरिणीवर, बरोबर आपल्या तोफांच्या तोंडी. वाळूत बसलेल्या बोटीला तिची तोफ इकडं वळवता येत नाही. मग आपण आरामात..."

"वाटाड्या कोण असेल?" लेटिसनं मध्येच विचारलं.

मामांचा काटा हवेतच राहिला. जूनो कॉफीचं भांडं घेऊन आली होती, तीही दारातच थांबली. जूनो मामांच्या मालकीची गुलाम, वर्षाच्या बोलीवर या घरात कामाला दिलेली. दर वसंतात धुराड्याला चुना तीच लावी. तिचा नवरा एब्रम खाली तोफांच्या मोर्च्यावर माती उपसत होता. तोही मामांचाच. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"तो नसेल," प्रेस्ली घाईनं म्हणाला. "दादा कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर आहे, खाऱ्या पाण्यात. मासळीवाल्यानं स्वतः सांगितलंय. लेटी, तो असता तर मी... तुला काय वाटतं, मी काय राक्षस आहे?"

"मग करू नकोस."

"आणि बोट खोल पाण्यानं आली तर? त्या बोटीवरची तोफ पाहिलीयस? तुझ्या आंघोळीच्या पिंपाएवढं तोंड आहे तिचं! आमच्या दोन तोफा. समोर मातीचा ढिगारा आणि वर पाइनच्या फांद्या. फांद्या!"

लेटिसनं आईकडं पाहिलं. तिला वाटलं होतं, आता आई उठेल, मामांना त्यांची टोपी हातात देईल, विषय संपेल. वॉर्नर आईचा किती लाडका! पण आई प्रेस्लीच्या मनगटाकडं बघत होती. लांब बाहीतून बाहेर आलेलं, कोवळं, तोफेच्या दारूनं काळं झालेलं मनगट.

"कर काळं," आई म्हणाली.

"आई!"

"मला दोन मुलगे आहेत. एक कुठं आहे देवाला ठाऊक. दुसरा त्या फांद्यांमागं असतो. जो दिसतोय त्याचं मी बघणार." ती उठली आणि ताटं गोळा करायला लागली, अजून कुणाचं जेवण झालं नव्हतं तरी. "अहो, तुमच्या आजोबांना वर गेल्यावर मी उत्तर देईन."

 बाबांनी हात लांब करून टेबलावर चाचपलं. लेटिसला कळलं, ते आईचा हात शोधतायत. आईनं दिला नाही. तिच्या हातात ताटं होती.

जूनोनं डांबराची बादली आणून शिडीपाशी ठेवली. "पांढरं करायला जूनो," ती कुणालाच न सांगता म्हणाली, "काळं करायला मात्र धाकटे मालक जातीनं."

प्रेस्ली वर, लेटिस शिडी धरून खाली. छपरावरून डांबराचे थेंब टपटपत होते आणि त्याच्या जोडीला प्रेस्लीची बडबड. त्याला गप्प बसवत नसे. लहानपणी प्रार्थनेतसुद्धा देवाशी हुज्जत घालायचा.

"लेटे, चिमणीचं घरटं आहे गं वर!"

"मग वगळ तेवढं."

"वगळलंय. कप्तानाला सांगू नकोस. माझ्या बाजूनं यांकी चिमण्यांना माफी." एक काळा थेंब येऊन नेमका तिच्या नाकावर पडला. वरून खदाखदा हसणं. "छान दिसतेस! चर्चमध्ये तो कर्बीचा पोरगा आज तुझ्याकडंच बघत होता. आता बघ म्हणावं."

"खाली ये, मग दाखवते."

तो खाली आला, पण तिनं काही दाखवलं नाही. त्याचे दोन्ही हात डांबरानं माखले होते आणि तो ते अंगापासून लांब धरून उभा होता, पंख पसरलेल्या बगळ्यासारखा. हसू कुठं गेलं कोण जाणे.

"लेटी, मी अजून एकदाही खरी तोफ डागलेली नाही. नुसता सराव. पिंपावर. पिंपाला सुद्धा लागली नाही."

"मग यांकींना काय भीती!"

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला. मग डांबराचं एक बोट तिच्या कपाळावर टेकवून, आता नाकाला जोड झाली असं सांगून तो कड्याच्या उतारावरून मोर्च्याकडं पळाला. नवा कोट पाठीवर फुगला होता.

भरती चढायला लागली तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. त्यांनीच आधी मान वर केली.

"आगबोट. दगडी कोळसा जाळतेय."

मग सगळ्यांना दिसला: खालच्या वळणाच्या झाडीमागून वर चढणारा काळा धूर. मामा खुर्चीतून ताडकन उठले. खाली मोर्च्यावर एक माणूस हलला नाही. फांद्या, पाणी, बगळे, सगळं चित्रासारखं. कुणाला खरं वाटलं नसतं की तिथं दोन तोफा आणि चाळीस माणसं श्वास रोखून बसलीत. लेटिस मात्र कठड्याशी धावली, आणि खरं सांगायचं तर निम्मी उत्सुकतेनंच. गनबोट! खरीखुरी!

बोटीचं नाक वळणातून बाहेर आलं. आणि भोंगा वाजला.

लांब. लांब. आखूड.

आईच्या हातातलं पिठाचं पातेलं खाली पडलं. तिचा दुसरा हात आपोआप वर गेला, घंटेच्या दोरीकडं. तीस वर्षांची सवय. मामांनी झडप घालून तो धरला.

"ताई! खुळी झालीस?"

"वॉर्नर," आई म्हणाली. "माझा वॉर्नर आलाय."

शत्रूच्या मुलखात शिरताना भोंगा वाजवणारा वाटाड्या जगात दुसरा कोण असणार? त्याला काय ठाऊक, बापाच्या कड्याखाली तोफा आहेत! तो घरावरून चालला होता. घरावरून जाताना डॅमरन भोंगा वाजवतो. बस.

"धुराडं कसं दिसतंय?" बाबांनी विचारलं.

"काळं, बाबा."

"बोटीचं नाक?"

लेटिस कठड्यावर वाकली. "खोपीकडं... फळ्यांकडं वळतंय."

"वाटाड्याचा डोळा पांढरं शोधतो," बाबा म्हणाले. "घर शोधत नाही." त्यांनी आईच्या दिशेनं तोंड वळवलं. "जाणार ती डुकरिणीवर. आणि हे लोक तिला बसल्या जागी ठेचणार. वाफेचं बाष्पक फुटलं की उकळत्या पाण्यात भाजून मरतात माणसं, केझा. मी पाहिलेत."

"चादर," आई पुटपुटली. "आजीसारखी चादर..."

"खबरदार!" मामा दारात आडवे झाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि आवाज मात्र खालचा, जवळजवळ मायेचा. "ताई, नीट ऐक. वाळूत बसलेली बोट म्हणजे मेलेलं जनावर. खोल पाण्यातली बोट आडवी होईल आणि तिची ती तोफ थेट मोर्च्यावर धरेल. प्रेस्ली तिथं आहे. धुराडं पांढरं केलंस तर प्रेस्ली, काळं ठेवलंस तर वॉर्नर. सांग, कोण?"

आईनं दोन्ही कान हातांनी झाकून घेतले. "मला विचारू नकोस. बुशरॉड, मला हे विचारू नकोस!"

आणि लेटिसला एकदम सगळं लख्ख दिसलं. किती सोपं होतं! ही मोठी माणसं उगाच दोनातून एक निवडत बसली होती. चादर दिसली की वॉर्नरदादाला कळेल की घरच्यांनी सावध केलंय, खाली काहीतरी आहे. तो बोट खोल पाण्यात घेईल, गर्रकन वळवेल आणि निघून जाईल. त्याचंच तर घर हे! तो कशाला इथं लढेल? दादा वाचेल, प्रेस्ली पिंपावर सराव करत राहील, आणि रात्री आई तिच्यावर रागावेल. रागावू दे.

ती मागच्या दारानं धावली. काल धुतलेल्या चादरी अजून दोरीवरच होत्या. तिनं सगळ्यात मोठी ओढली, आईच्या लग्नातली, कडेला विणकाम असलेली. शिडीपाशी जूनो उभी होती. क्षणभर दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग जूनोनं शिडीवर पाय रोवला आणि ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"चढा, लेटीबाई," ती म्हणाली. "ती बोट मलासुद्धा तरंगतीच पाहिजे."

छपरावर पोचेपर्यंत पहिली तोफ कडाडली. आपली. पाइनच्या फांद्या उडाल्या, पाण्यात बोटीच्या खूप मागं फवारा उठला, आणि आवाज छपराच्या फळ्यांतून लेटिसच्या दातांत शिरला. ती मांजरासारखी चार पायांवर रांगत धुराड्यापाशी गेली. डांबर ओलंच होतं. चादर लावली आणि ती चपकन चिकटली. बांधायची गरजच नाही! लेटिसनं तिला हातांनी, कोपरांनी, गालांनी दाबलं. खालून मामा तिच्या नावानं ओरडत होते. चिमणी घरट्यातून उडून गेली होती.

तिनं मागं वळून पाहिलं. बोट डुकरिणीच्या तोंडाशी. चाकं फिरतायत. आता... आता...

नाक वळलं.

हळूच, मग भरभर. वठलेल्या देवदाराच्या मागं पांढरी चादर, चादरीसमोर बोट, तिन्ही एका रेषेत. दोरा ओवावा तसं. लेटिस छपरावर उभी राहिली. तिनं दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "दादा! दादाऽऽ!" तिला नाचावंसं वाटत होतं. सुकाणूच्या खोलीत एक माणूस दिसत होता, ठिपक्याएवढा, आणि तिची खात्री होती की तोच आहे, त्यानं तिला पाहिलंय. बोट खोल पाण्यात आली. आता वळ! वळ आणि जा!

बोट आडवी झाली. आणि तिथंच थांबली.

तिच्या मध्यावर माणसं पळत होती. ते काळं, पिंपाएवढं तोंड हळूहळू फिरत होतं, नदीवरून, कड्यावरून, खाली, आणखी खाली, जिथून मोर्च्याचा धूर अजून विरला नव्हता तिथवर.

सुकाणू दादाच्या हातात होतं. तोफ नव्हती.

एवढी साधी गोष्ट. बोट आहे, म्हणजे तिच्यावर कुणीतरी दुसरा कप्तान असेल, त्याचा हुकूम असेल. वाटाड्यानं फक्त वाट दाखवायची. पिढ्यान्‌पिढ्या हेच तर करत आले होते डॅमरन. वाट दाखवायची, पुढं बोटीनं काय करावं ते विचारायचं नाही. जन्मभर या घरात वाढून हे तिला कळू नये?

"नको," लेटिस म्हणाली. मोठ्यानं नाही. तिनं चादर धरून ओढली. निघेना. नखं घातली, दात लावले. विणकामाची कड फाटून हातात आली, चादर डांबरात तशीच.

मग तोफ वाजली. मोर्च्याची फांद्यांची भिंत आतून कुणी श्वास घ्यावा तशी उचलली गेली आणि परत खाली बसली नाही.

प्रेस्लीला त्याच पांढऱ्या फळ्यांवरून आणलं. खोपीवरच्या फळ्या. दुसरं काही हाताशी नव्हतं. चौघांनी ओसरीवर ठेवलं, टोप्या काढल्या आणि ते निघून गेले, कारण खाली अजून उचलायचे होते. चुना ताजा असल्यामुळं लालवर सगळीकडं पांढरं लागत होतं. कोटाच्या बाह्या अजून लांबच.

आई जवळ बसली आणि तिनं त्या बाह्या दुमडायला घेतल्या. एक घडी, दुसरी घडी. चर्चला निघताना दुमडायच्या राहिल्या होत्या.

बाबांना लेटिसनं धरून आणलं. त्यांनी खाली बसून हात फिरवला. केस, कपाळ, ओठ. मग हात. बोटांना डांबर लागलं तिथं ते थांबले. ते बोट त्यांनी आपल्या मुठीत धरलं आणि धरूनच ठेवलं.

मामा अंगणात फेऱ्या घालत होते. एकदा ते लेटिससमोर येऊन उभे राहिले, तोंड उघडलं, आणि तिच्या काळ्या हातांकडं बघून मिटलं. मग नदीकडं त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांना एकदम कंठ फुटला.

"होडी! धक्क्यावरची होडी कुठाय? जूनो! अगं ए जूनो!" उत्तर आलं नाही. दूर पाण्यावर एक छोटी होडी गनबोटीच्या रोखानं चालली होती, दोन माणसं, दोन वल्ही. "एब्रम! माझी माणसं! ताई, माझी माणसं पळाली!"

"बुशरॉड," आईनं बाहीवरून नजर काढली नाही. "घरी जा."

"ताई, मी फक्त..."

"फळ्या तुझ्या होत्या ना? त्या धुऊन पाठवते. जा."

ते गेले. लेटिस खांबाला टेकून उभी होती. आई आता बोलेल, आता बोलेल, असं तिला वाटत होतं. तिला मारावं, केस धरून ओढावं, घराबाहेर काढावं, काहीही. आईनं वर पाहिलं आणि ॲप्रनच्या टोकानं तिच्या कपाळावरचा डांबराचा ठिपका पुसायला घेतला. अर्ध्यावरच तिचा हात थांबला. तो कुणी लावला असेल, हे तिला कळलं असावं. तो तिनं तसाच ठेवला.

"मला वाटलं, तो निघून जाईल," लेटिस म्हणाली. "आई, मला वाटलं, दोघंही..."

"माहीत आहे."

"मला वाटलं..."

"लेटी, गप. मलाही तेच वाटायला हवं होतं. मला काहीच वाटलं नाही. मी कान झाकून बसले."

नदीवर बोटीनं होडीतल्या दोघांना वर घेतलं. मग चाकं उलटी फिरली आणि ती परत खाली निघाली. मोर्च्याकडून आता कुणी तोफ डागत नव्हतं. वळणापाशी ती जरा हळू झाली.

लांब. लांब. आखूड.

ओसरीवर कुणी हललं नाही.

वॉर्नर विचारत होता. त्यानं चादर पाहिली होती. घरच्यांनी आपल्याला वाचवलं हे त्याला कळलं होतं. आणि खाली कुणाच्या तोफा होत्या, कोण होतं, यातलं काही कळलं नव्हतं. बोट रेंगाळली. तो थांबला होता.

"दोरी धर, लेटी," आई म्हणाली.

"मी नाही."

"उत्तर दिलं नाही तर तो परत येईल. ओळखते मी त्याला, पाण्यात होडी सोडून एकटा येईल. आणि हे लोक त्याला त्या देवदारावर टांगतील. धर."

लेटिसनं दोरी धरली. डांबरानं ती हाताला चिकटली. पहिला टोला, बाबांचा. दुसरा, आईचा. तिसरा तिचा स्वतःचा. तो कसाबसा वाजला. मग तिचे हात गळून पडले.

पाण्यावर टोला विरत गेला. बोट अजून तिथंच.

आई उठली. तिनं लेटिसच्या हातातून दोरी घेतली, ती डांबरानं चिकटली होती म्हणून हलकेच सोडवून घेतली, आणि ओढली. चौथा टोला. स्वच्छ, मोठा, रविवारच्या चर्चच्या घंटेसारखा.

"केझा," बाबा खालून म्हणाले. प्रेस्लीचं बोट त्यांच्या मुठीतच होतं. "या घरातून खोटी खूण कधी गेली नाही."

"घरात आहे ना तो?" आई म्हणाली. "मग खोटं काय?"

वळणावरून भोंगा एकदाच वाजला. आखूड, घाईघाईचा, आनंदाचा. वॉर्नर लहान असताना शाळेतून येऊन दारातूनच हाक मारायचा, तसा. मग धूर झाडीमागं गेला.

"ऐकलं त्यानं," बाबा म्हणाले.